खेळ, व्यायाम आणि ओटीपोटाचा तळ

सायंकाळच्या उतरत्या उन्हात धाराशिवच्या एखाद्या मैदानावर मुलींचा खो-खो रंगात आला म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी पायांवर खिळून राहते. पाटीवर उकिडवी बसलेली मुलगी, पाठीमागून ‘खो’ हा शब्द कानी पडताच, धनुष्यावरून बाण सुटावा तशी उठते, दोन पावलांत वेग घेते, खांबाला वळसा घालते आणि पळणारी हाताच्या टप्प्यात आली न आली तोच जमिनीसरसा सूर मारते. अशा खेळात गुडघा मुरगळला, घोटा सुजला किंवा खांदा दुखावला, तर मार्गदर्शक धावत येतात, घरची मंडळी शेक देतात आणि त्या दुखण्याची चर्चाही मोकळेपणाने होते. परंतु ह्याच धावण्या-उडण्याचा भार शरीराच्या ज्या एका भागावर क्षणोक्षणी पडत असतो, त्याचे नावदेखील सहसा कोणी उच्चारीत नाही. तो भाग म्हणजे ओटीपोटाचा तळ. शास्त्रीय परिभाषेत श्रोणितल.

खो-खो हा तर ह्या जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय आहे. येथील सारिका काळे ह्यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, आणि २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार प्राप्त झाला. मुलीने मैदानावर जावे किंवा न जावे हा वाद आता पुष्कळ घरांतून मिटला आहे. ती जातेच, आणि जाते हे उत्तम. मात्र मैदानावर गेलेल्या मुलीच्या शरीराविषयी घरातल्या वडील माणसांना जे ठाऊक असावयास हवे, त्यातील एक मोठा भाग केवळ संकोचामुळे अज्ञात राहिला आहे. शाळेतील आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात हृदय, फुप्फुसे व जठर ह्यांच्या आकृत्या विद्यार्थ्यांकडून घोटून घेतल्या जातात. ह्या तळाची आकृती मात्र फळ्यावर क्वचितच निघते.

तेव्हा प्रथम त्याची रचना पाहू. कंबरेची हाडे मिळून एक कडे तयार झालेले असते. पुढच्या बाजूस जघनास्थी, मागच्या बाजूस माकडहाड, आणि दोन्ही अंगांस बसावयाची हाडे. हे कडे खालून उघडे असते. त्या उघड्या भागात स्नायूंची व त्यांस जोडणाऱ्या चिवट पडद्यांची एक झोळी ताणून बांधलेली आहे. तान्ह्या मुलाची झोळी जशी दोन टोकांस बांधलेली असून मधोमध किंचित खोलगट असते, तशीच ही. मूत्राशय, स्त्रियांचे ठिकाणी गर्भाशय, आणि गुदाशय ही तीन इंद्रिये ह्या झोळीच्या आधाराने राहतात, आणि त्यांचे मार्ग त्या झोळीतूनच खाली उतरतात. म्हणजे तिचे काम दुहेरी झाले. वरचा भार तोलून धरावयाचा, आणि खालची दारे वेळ येईपर्यंत मिटून ठेवावयाची. पुरुषांसही हा तळ असतोच. परंतु त्यांच्या झोळीत दोन दारे, स्त्रियांच्या झोळीत तीन. शिवाय बाळंतपणात मधले दार विलक्षण ताणले जाते. स्त्रियांचा तळ अधिक वेळा शिथिल होतो त्याचे कारण हेच. त्यांच्या प्रकृतीचा नाजूकपणा वगैरे जे सांगितले जाते त्यात अर्थ नाही.

आता ह्या तळावर भार कसा येतो? पोटाची पोकळी ही चारी बाजूंनी बंद असलेल्या पखालीसारखी आहे. वर श्वासपटल, पुढे व बाजूंस पोटाचे स्नायू, मागे पाठीचा कणा, आणि खाली ही झोळी. पाण्याने भरलेली पखाल कोठेही दाबली तरी दाब सर्वत्र पसरतो, आणि जेथील शिवण कच्ची तेथून पाणी झिरपू लागते. मनुष्य खोकतो, शिंकतो, मोठ्याने हसतो, घागर उचलतो, उडी मारून जमिनीवर येतो, ह्या प्रत्येक वेळी पोकळीतील दाब एकाएकी वाढतो. निरोगी शरीरात निसर्गाने अशी योजना केली आहे की, हा दाब खाली पोहोचण्याच्या आतच झोळीचे स्नायू आपोआप आकुंचन पावतात आणि मूत्रमार्ग मिटून घेतात. हे आकुंचन दुबळे पडले, अथवा त्यास क्षणाचाही उशीर झाला, म्हणजे लघवीचे थेंब निसटतात. आणि झोळीच जर कायमची सैल झाली, तर वरील इंद्रिये हळूहळू खाली उतरू लागतात. आपल्या बायकांच्या बोलीत ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात ते हेच.

धावताना पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर खालून उलट बसतो. उंच उडी मारून खाली येताना तो त्याहून पुष्कळच अधिक असतो. हा जोर पायांतून कंबरेत येतो, आणि त्याच वेळी पोटातील इंद्रिये आपल्या भाराने खाली आदळतात. एका तासाच्या सरावात असे किती धक्के बसत असतील ह्याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

हा तर्क झाला. परंतु प्रत्यक्षात काय आढळते? अमेरिकेतील इंग्रिड नायगार्ड ह्या स्त्रीरोगतज्ज्ञ विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. महाविद्यालयाच्या संघांतून खेळणाऱ्या १४४ तरुणींना त्यांनी विचारले. ह्यांपैकी कोणासही मूल झालेले नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तथापि त्यांपैकी शेकडा २८ जणींनी खेळताना लघवी निसटत असल्याचे सांगितले. खेळाखेळांतील अंतर तर अधिकच बोलके होते. कसरतीचे खेळ करणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ६७, बास्केटबॉल खेळणाऱ्यांत ६६, टेनिसमध्ये ५०. पोहणाऱ्यांत १०, आणि गोल्फ खेळणाऱ्यांत एकही नाही. पुढे स्वीडनमध्ये ताणलेल्या जाळीवर उड्या मारण्याचा खेळ खेळणाऱ्या ३५ मुलींची पाहणी झाली. त्यांची वये १२ ते २२ होती. शेकडा ८० जणींनी तीच तक्रार सांगितली. हे आकडे पाहून असे म्हणावे लागते की, ‘हा बाळंतिणीचा अथवा म्हाताऱ्या बायकांचा आजार’ ही समजूत निव्वळ अर्धवट आहे.

येथे घाबरून मुलीस मैदानावरून परत बोलावणाऱ्या आईबापांस एक गोष्ट तत्काळ सांगितली पाहिजे. ह्याच नायगार्डबाईंनी १९९७ साली दुसरी पाहणी प्रसिद्ध केली. १९६० ते १९७६ ह्या काळातील ऑलिंपिक स्पर्धांत उतरलेल्या स्त्रियांस, त्या प्रौढ झाल्यावर, त्यांनी पुन्हा विचारले. धावण्याच्या, उड्यांच्या व कसरतीच्या खेळांतील स्त्रिया एका बाजूस आणि पोहणाऱ्या दुसऱ्या बाजूस. परंतु उतारवयात ह्या त्रासाच्या बाबतीत दोहोंत म्हणण्यासारखा भेद आढळला नाही. म्हणजे तरुणपणी मैदानावर जो त्रास होतो तो बहुधा त्या वेळेपुरता असतो. त्याने शरीराची कायमची नासाडी होते असे मानण्यास आधार नाही. परंतु जी मुलगी लाजेने कोणास सांगत नाही, सरावापूर्वी दिवसभर पाणी पिणे सोडते, काळ्या रंगाचेच कपडे घालते, आणि एके दिवशी काही तरी निमित्त सांगून खेळच सोडून देते, तिचे नुकसान तेथल्या तेथेच झालेले असते. मराठवाड्याच्या वैशाखातील उन्हात पाणी न पिता धावणे हा तर एका दुखण्यावर दुसरे ओढवून घेण्याचा मार्ग होय. शिवाय पाणी तोडल्याने लघवी दाट होऊन मूत्राशयास अधिकच चाळवते, आणि ज्या त्रासासाठी पाणी सोडले तोच वाढतो.

आता आपल्याकडील खेळांचा एकेक विचार करू. खो-खोत उकिडवे बसून अकस्मात उठणे, वेगात दिशा बदलणे आणि सूर मारून पोटावर पडणे ह्या तीन गोष्टी भाराच्या आहेत. त्यांतही सूर मारताना श्वास कोंडला असेल तर दाब दुप्पट जाचक होतो. सूर मारताना श्वास बाहेर सोडीत जावे, ही सवय मार्गदर्शकाने आरंभीच लावली तर पुष्कळ काम होईल.

कबड्डीचे मोठे नवल आहे. चढाई करणारीस ‘कबड्डी, कबड्डी’ असा घोष एका दमात चालू ठेवावा लागतो, म्हणजेच श्वास सतत थोडाथोडा बाहेर जात असतो. घसा मिटून दम कोंडता येत नाही, कारण कोंडला की घोष थांबला आणि गडी बाद! ज्याने कोणी हा नियम घातला त्याच्या मनात शरीरशास्त्र खचित नसेल. परंतु तळाच्या दृष्टीने तो नियम हिताचा आहे यात शंका नाही. पकड करणारीची स्थिती मात्र अगदी उलट. पाय रोवून, दात खाऊन, दम कोंडून ती ओढीत असते. आणि झोळीवर जो ताण यावयाचा तो त्या क्षणी येतो. वजने उचलण्याच्या व्यायामातही नेमका हाच दोष घडतो. वजन वाईट नव्हे. दम कोंडून, पोट फुगवून, खाली जोर देऊन ते उचलणे वाईट. उचलताना श्वास सोडावा, आणि उचलण्यापूर्वी तळ आवळून घ्यावा, एवढे पथ्य पाळल्यास वजनाच्या व्यायामाने शरीर बळकटच होते. तालमीतील जोर-बैठकांसही हेच लागू आहे. शंभर बैठका एका दमात काढण्याची चढाओढ पुरुषांतही सोडून देण्यासारखी आहे.

सायकलीचा प्रकार वेगळा. तेथे धक्का नाही, परंतु खोगिराच्या अरुंद टोकाचा दाब थेट दोन मांड्यांमधील भागावर पडतो आणि तेथून जाणारी नस चेपली जाते. लांबच्या प्रवासानंतर तो भाग बधिर झाल्याची तक्रार पुरुषही करतात. खोगीर रुंद असावे, त्याची पुढची बाजू वर उचललेली नसावी, आणि मधूनमधून उभे राहून पायडल मारावे, इतके केले म्हणजे बहुधा भागते. पोहण्यात पाणीच शरीर तोलते. त्यामुळे तळावर भार जवळजवळ पडतच नाही. ज्यांना बाळंतपणानंतर पुन्हा व्यायामास आरंभ करावयाचा आहे, त्यांना चालणे व पोहणे ही दोन दारे सर्वांत आधी उघडी आहेत.

चालणे हा तर ह्या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेला व्यायाम. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरापर्यंत हजारो स्त्री-पुरुष पायी येतात. अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांचे. असे एका रात्रीचे चालणे सर्वांनाच साधेल असे नाही, परंतु रोजचे भरभर चालणे तळास पोषक असते, असा परदेशांतील मोठ्या पाहण्यांचा निष्कर्ष आहे. त्याने शरीराचे वजनही आटोक्यात राहते, आणि हा लाभ लहान नव्हे. पोटावर चढलेला मेद हा झोळीवर अहोरात्र ठेवलेला भारच असतो. अमेरिकेत स्थूल स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगात, ज्याचा वृत्तान्त २००९ साली प्रसिद्ध झाला, शरीराचे वजन शेकडा आठाने उतरताच लघवी निसटण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने उणे झाले.

श्रावणातील फुगड्या आणि झिम्म्याविषयी शहरातल्या मंडळींस हटकून कुतूहल असते. मंगळागौरीचे खेळ हा स्त्रियांचा जुना व्यायाम खरा. त्यात दम आहे, ठेका आहे, आणि मैत्रिणींचा सहवास आहे. तथापि वर्षभर अंग न हलविता एका रात्री दोनशे फुगड्या घालणे, आणि तेही पहिल्या बाळंतपणाला चार-सहा महिने झाले असता, हे शहाणपणाचे नाही. पंचमीच्या खेळांतील बसफुगडीत तर उकिडवे बसून उड्या घ्यावयाच्या असतात. ज्यांचा तळ मजबूत आहे त्यांनी अवश्य घ्याव्या. इतरांनी टाळ्या वाजवाव्या व गाणी म्हणावी. खेळास गाणाऱ्याही लागतातच.

आणि ज्यांना खेळ असा मिळतच नाही त्यांचे काय? श्रम म्हणजेच व्यायाम, अशी सुखवस्तू घरांतून एक समजूत आढळते. ‘त्या बायांना व्यायाम कशाला हवा, दिवसभर कामच तर करतात,’ हे वाक्य पुष्कळांच्या तोंडी असते. वस्तुतः व्यायामात विश्रांतीची वेळ मनुष्य स्वतः ठरवितो. श्रमात ती मुकादम ठरवितो. धाराशिव, बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीस बाहेर पडतात. त्या जोडप्यास ‘कोयता’ म्हणून मोजले जाते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीस लावलेल्या फळीवरून वर चढावयाचे आणि मोळी टाकून खाली यावयाचे, हे काम स्त्रिया दिवसातून कितीदा करतात त्याची गणती नाही. गरोदरपणात हे चालू असते आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुन्हा सुरू होते. ज्या काळात ताणलेल्या झोळीने सावकाश पूर्ववत व्हावयाचे, त्याच काळात तिच्यावर सर्वांत मोठा भार पडतो. बाळंतिणीस सव्वा महिना विश्रांती देण्याची आपली जुनी रीत ह्या दृष्टीने अत्यंत योग्य होती. ती पाळणे ज्यांना परवडत होते त्यांनीच ती पाळली, एवढेच.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जातात अशी ओरड झाल्यावर २०१९ साली राज्यशासनाने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागील कारणे अनेक होती व ती सर्व येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘पिशवी काढली की कटकट मिटली’ असे ज्यांस वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, पिशवी काढल्याने झोळी बळकट होत नाही. ती जितकी सैल होती तितकीच राहते, आणि पुढे मूत्राशय किंवा योनिमार्गाचा वरचा भाग खाली उतरू शकतो. तरुण स्त्रीचे अंग बाहेर आले असता गर्भाशय न काढता ते वर टांगून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईतच सिद्ध झाल्या. गोमंतकात जन्मलेले डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचे डॉक्टर पुरंदरे ह्यांच्या नावांनी त्या आजही वैद्यकीय ग्रंथांत ओळखल्या जातात.

स्त्रियांच्या ह्या दुखण्यांभोवती मौन किती दाट असते ह्याचे प्रत्यंतर गडचिरोली जिल्ह्यात मिळाले. डॉक्टर राणी बंग व डॉक्टर अभय बंग ह्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा ९२ जणींस काही ना काही स्त्रीरोग होता; त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ होत्या. खेड्यातील स्त्रीस वैद्य नाही म्हणून ती बोलत नाही असे म्हणावे, तर शहरातील सुशिक्षित घरांत वैद्य शेजारच्या गल्लीत असूनही तीच स्थिती दिसते.

उपायाकडे वळण्यापूर्वी लोणावळ्यास थोडे थांबणे इष्ट होईल. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, ह्यांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगातील क्रियांचे माहात्म्य सांगत न बसता त्यांनी क्ष-किरणांचे चित्र आणि दाब मोजण्याचे यंत्र पुढे केले. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहूनही खाली उतरतो असे त्यांस दिसून आले, आणि आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी त्या निर्वातास माधवदासांचे नाव दिले. वजन उचलताना जे घडते त्याच्या हे बरोबर उलट होय. तेथे इंद्रिये खाली ढकलली जातात, येथे वर ओढली जातात. ह्याच धर्तीवर युरोपात अलीकडे एक व्यायामपद्धती निघाली व तिचा बराच गाजावाजाही झाला. परंतु तुलनात्मक प्रयोगांत ती साध्या आकुंचनाच्या व्यायामाहून सरस ठरलेली नाही.

हा साधा व्यायाम म्हणजे काय, ते अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील डॉक्टर आर्नोल्ड केगेल ह्यांनी १९४८ साली जगापुढे मांडले. बाळंतपणानंतर सैल झालेले स्नायू इतर कोणत्याही स्नायूप्रमाणे व्यायामाने बळकट होतात, हे त्यांनी दाखविले, आणि आकुंचनाचा जोर रोगिणीस स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावा म्हणून दाबमापक यंत्रही तयार केले. आपल्याकडील हठयोगाच्या ग्रंथांत मूलबंध व अश्विनी मुद्रा ह्या नावांनी गुदद्वार आकुंचित करण्याच्या क्रिया पूर्वीपासून वर्णिलेल्या आहेत. म्हणून ‘हे सर्व आमच्याकडे होतेच’ असे म्हणून छाती फुगविण्याचा मोह होतो. होते हे खरे. परंतु ते साधकासाठी होते. खोकल्यासरशी लुगडे ओले होणाऱ्या बाळंतिणीस ते कोणी शिकविले नाही, हेही तितकेच खरे.

कृती अशी. प्रथम निजून, गुडघे दुमडून, अंग सैल सोडावे. वायू सरू लागला असता तो अडवावा, आणि त्याच वेळी लघवीही थांबवावी, अशा बेताने आतल्या आत तळ आवळून वर ओढावा. सहा ते आठ सेकंद धरावा. नंतर तितकाच वेळ पूर्ण सोडावा. अशी आठ ते बारा आवर्तने एका बैठकीत, आणि दिवसातून तीन बैठका. मांड्या आवळू नयेत, कुल्ले ताठ करू नयेत, पोट बाहेर ढकलू नये, आणि मुख्य म्हणजे श्वास रोखू नये. जमू लागले म्हणजे बसून, मग उभ्याने करावे. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून हा सराव करू नये. स्नायू कोणता हे कळण्यास एखादे वेळी तसे करून पाहिल्यास हरकत नाही, परंतु नेहमी केल्यास मूत्राशय नीट रिकामे होत नाही.

वाचावयास हे सोपे वाटते, पण करावयास तितकेसे सोपे नाही. प्रथम प्रयत्नात तिघींपैकी निदान एकीस योग्य आकुंचन साधत नाही, आणि काहीजणी तर वर ओढण्याऐवजी खालीच जोर देतात, म्हणजे औषधाच्या नावाने विषच घेतात. यास्तव एकवार स्त्रीरोगतज्ज्ञाकडून किंवा ह्या विषयाचे शिक्षण घेतलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडून पारखून घेणे फार चांगले. नॉर्वेतील कारी बो ह्या विदुषीने सहकाऱ्यांसह केलेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, देखरेखीखाली केलेला हा व्यायाम विजेच्या उपचाराहून व आत ठेवावयाच्या वजनांहून अधिक गुणकारी ठरला. पुढे २०१८ साली ३१ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. हसता-खोकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांपैकी, व्यायाम करणाऱ्यांत पूर्ण बरे वाटल्याचे सांगणाऱ्या शेकडा ५६; न करणाऱ्यांत शेकडा ६.

खेळाडूने आणखी एक युक्ती शिकावी. धक्का बसण्याच्या निमिषभर आधी तळ आवळून घेणे, ही ती युक्ती होय. शिंक येत आहे असे वाटताच, घागर उचलण्यापूर्वी, उडी घेण्यापूर्वी. आरंभी ती मुद्दाम करावी लागते, पुढे हात आपसूक चेंडूकडे जातो तशी ती अंगवळणी पडते. खो-खोच्या पाटीवर बसलेल्या मुलीस ‘खो’ मिळेपर्यंत वाट पाहावी लागतेच. ती वाट पाहताना हा सराव करण्यास कोणाची हरकत असणार? वरून पाहणाऱ्यास काही कळतही नाही.

दोन-तीन सावधगिरीच्या सूचना देणे अवश्य आहे. काहींचा तळ सैल नसून उलट सदैव ताठलेला असतो. त्यांस ओटीपोटात दुखते, लघवीस अडखळते, शौचास त्रास होतो. अशांनी आवळण्याचा व्यायाम केल्यास दुखणे वाढते. त्यांना सैल सोडणे शिकावे लागते. बद्धकोष्ठ असणाऱ्याने कुंथण्याची सवय मोडावी, कारण रोजचे कुंथणे हे रोजचे वजन उचलणेच होय. बाळंतिणीचे पोट बांधल्याने तिच्या कमरेस आधार वाटतो, परंतु त्याने तळाचे स्नायू बळकट होत नाहीत. लघवीतून रक्त जाणे, जळजळ होणे, किंवा खाली काही उतरल्यासारखे सतत वाटणे, ही लक्षणे दिसता घरच्या घरी व्यायाम करीत न बसता तपासून घ्यावे. आणि पुरुषांनी हा विषय बायकांचा म्हणून पान उलटू नये. प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी न थांबण्याचा त्रास पुष्कळांस होतो, आणि तेव्हा हाच व्यायाम त्यांच्या वाट्यास येतो.

शाळा व क्रीडामंडळे चालविणाऱ्यांकडे मागावयाचे ते थोडेच आहे. मैदानालगत मुलींसाठी दार लागणारे व पाणी असलेले शौचगृह. सरावाच्या मध्यंतरात पाणी पिण्याची मोकळीक. आणि मुलींच्या संघाबरोबर एक जाणती स्त्री, जिच्या कानाशी जाऊन मुलीस दोन शब्द बोलता येतील. घरी हे काम आईने करावयाचे. परंतु पुष्कळदा आईलाच तो त्रास पंधरा वर्षे असतो, आणि ‘बायकांचे असेच असते’ असे तिच्या आईने तिला सांगितलेले असते.

फळ किती दिवसांत दिसते असे विचारतात. स्नायू बळावण्यास तीन महिने तरी लागतात, काहींस सहा. आषाढात सुरुवात केली आणि एकही दिवस चुकविला नाही, तर फरक कळू लागेतो आश्विन उजाडतो. त्या पौर्णिमेस सोलापुराहून निघालेल्या वाटसरूंत ज्या बाईला गेल्या वर्षी दर कोसावर आडोसा शोधावा लागला होता, तिला ह्या खेपेस तो कितीदा शोधावा लागतो हे तिचे तिलाच मोजता येईल.